जुनी मोटरसायकल, नकाशा आणि हेल्मेटमधला आवाज

श्रोतेहो, नमस्कार. लांबच्या प्रवासासाठी वापरलेली मोटरसायकल विकत घेताना काय पाहावे आणि वाट दाखवणारी व एकमेकांशी बोलण्याची कोणती साधने निवडावीत, याविषयी आज बोलायचे आहे. गाडी असो, नकाशा असो वा हेल्मेटमधला इंटरकॉम असो, ती वस्तू चालू असताना किती छान चालते यापेक्षा ती बंद पडल्यावर आपल्यापाशी काय उरते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. ते मला गुहागरजवळच्या एका फाट्यावर, काजूगर विकणाऱ्या एका आजींसमोर सुचले. त्या फाट्यावर मी येणारच आहे.

प्रथम गाडी. ती पाहायला सकाळी लवकर जावे आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यागेल्या इंजिनाला हात लावून पाहावा. इंजिन गार असले पाहिजे. पुन्हा सांगतो, इंजिन गार असले पाहिजे. कारण थकलेली बॅटरी, टायमिंग चेनची खडखड आणि सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर ही दुखणी पहिल्या मिनिटात जशी उघडी पडतात, तशी इंजिन तापल्यावर पडतीलच असे नाही. नंतर पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मधोमध येताच ते खाचेत बसल्यासारखे अडकले, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे असे समजावे. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर बोट फिरवावे. बोटाला तेल लागले तर ऑइल सीलचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातले टायर, मग त्याची नक्षी कितीही कोरी दिसो.

कोणती गाडी घ्यावी, हे आपण कोणत्या रस्त्याने जाणार यावर ठरवावे. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या ४११ सीसीच्या हिमालयनचे पुढचे चाक २१ इंची आहे, त्यामुळे खडबडीत वाटेवर ते खड्ड्यावरून सहज निघून जाते; त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या बजाजच्या डॉमिनारची दोन्ही चाके १७ इंची आहेत आणि ती डांबरी महामार्गावर अधिक रमते. आणि मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवलेला असेल, तर मी ती गाडी पाहतसुद्धा नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेची ज्याला पर्वा नाही, त्याने इंजिनाचे तेल वेळेवर बदलले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. आरसीवरचे चेसिस आणि इंजिनाचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ देऊन उतरवलेला असावा, गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातले पासिंग असेल तर मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. थकलेली ई-चलाने आधीच्या मालकाने भरलेली आहेत ना, हेही पाहावे.

आता तो फाटा. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी रत्नागिरीहून आठ वर्षे वापरलेली, कार्ब्युरेटरची एक गाडी घेतली. मी पोहोचलो तेव्हा ती अंगणात सुरूच होती. “तुम्ही येईपर्यंत गरम करून ठेवली,” असे मालक मोठ्या अगत्याने म्हणाले आणि मी त्यांचे आभार मानले. श्रोतेहो, मी त्यांचे चक्क आभार मानले!

सोबत माझा मेहुणा आणि मावसभाऊ आपापल्या गाड्या घेऊन आले होते. महामार्गाने पुण्याला परतण्याऐवजी आम्ही किनाऱ्याने जायचे ठरवले. जयगडला फेरीबोटीत गाड्या चढवायच्या, तवसाळला उतरून गुहागर गाठायचे, पुढे धोपाव्याला पुन्हा फेरीबोट धरून वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरायचे आणि हर्णैला मुक्काम करायचा, असा बेत होता. मेहुण्याने तिन्ही हेल्मेटांत ब्लूटूथचे इंटरकॉम बसवून दिले होते आणि रत्नागिरीपासूनच त्याचे “दाजी, ऐकू येतंय का?” सुरू झाले होते. तो पुढे, मी मध्ये आणि मावसभाऊ मागे अशी साखळी होती. साखळी हा शब्द लक्षात ठेवावा.

फेरीबोटीत मी इंजिन बंद केले, पण हँडलवरचा मोबाइल चार्ज होत राहावा म्हणून किल्ली चालूच ठेवली. तवसाळला फळी खाली पडली, मागे माशांचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला आणि माझी गाडी हूं की चूं करीना. मालकाने ती गरम का करून ठेवली होती, हे मला तेव्हा समजले. बोटीवरच्या दोघांनी ढकलून ती सुरू करून दिली आणि “आता बंद करू नका,” असे बजावले.

मी ती बंद केली नाही. ती आपोआप बंद पडली. गुहागरच्या पुढे मोबाइलवरचा नकाशा एकाएकी कोरा झाला. निळा ठिपका होता, पण त्याच्याखाली ना रस्ता होता ना गाव. काय झाले ते पाहायला मी थांबलो आणि इंजिनाने मान टाकली. मेहुणा पुढे निघून गेला होता. मी हेल्मेट काढून आरशाला टांगले आणि गाडी ढकलत एसटी थांब्याच्या शेडमागे सावलीला नेऊ लागलो, तोच आरशावरच्या हेल्मेटातून बारीक आवाज आला, “दादा, कुठवर पोचलास?” मी हँडल सोडून हेल्मेटपर्यंत हात नेईपर्यंत मावसभाऊ शेडच्या पुढून भरधाव निघून गेलासुद्धा.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून मी गाडी कशीबशी सुरू केली आणि फाट्यावर आलो. तिथे दिशा दाखवणारा फलक होता, परंतु त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ताणून बांधला होता. आपल्याकडे वाटसरूला गावाचे नाव कळण्याआधी भावी नेत्याचा चष्मा ओळखता येतो, हे मला कधीच पटलेले नाही. पण ते असो. फाट्यावर एक आजी ओले काजूगर मोजत बसल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून शेकडा भरत होत्या. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “एक खाली वेलदूरला गेला, एक धोपाव्याला गेला. दोघंही मधला कुठे म्हणून विचारत होते. तू मधला ना?”

मी मान डोलावली. मोबाइलला रेंज नव्हती. आजी म्हणाल्या, “बस इथेच, येतील फिरून. फाट्यावर थांबायचं, एवढंसुद्धा ठरवलं नव्हतं काय?” मी बसलो. गाडी शेजारी धडधडत होती. थोड्या वेळाने आजी वैतागून म्हणाल्या, “ते बंद कर की, माझी मोजणी चुकते!” आणि गाडी बंद केली तर ती पुन्हा सुरू होणार नाही, हे त्यांना सांगायची मला इतकी लाज वाटली, की मी दोन शेकडे काजूगर विकत घेतले आणि ते स्वतः मोजून देतो म्हणालो. पाऊण तासाने मावसभाऊ वेलदूरहून परत आला. मेहुणा दिसण्याच्या आधी आरशावरच्या हेल्मेटातून त्याचा आवाज आला, “दाजी, ऐकू येतंय का? फेरी गेली!”

आता या प्रसंगात काय काय चुकले, ते पाहू. उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएसच्या संकेतांना मोबाइलच्या रेंजची गरज नसते, म्हणून निळा ठिपका दिसत होता. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवायला. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळ्या पट्ट्याचा नकाशा उतरवून ठेवावा. पुन्हा सांगतो, नकाशा घरूनच उतरवून न्यावा. चार्जरची जोडणी फ्यूज घालून आणि इंजिन सुरू असतानाच वीज घेईल अशा रीतीने करून घ्यावी. शिवाय मोटरसायकलच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्याची हानी होऊ शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनेच २०२१ साली दिला आहे. म्हणून चांगला मोबाइल खिशात ठेवावा आणि हँडलवर घरातला जुना मोबाइल धक्का शोषणाऱ्या पकडीत बसवावा.

इंटरकॉमचे असे आहे, की साध्या ब्लूटूथवर तिघे साखळीने जोडले जातात आणि मधला गळाला की टोकाच्या दोघांचा एकमेकांशी संबंध तुटतो. मेश, म्हणजे जाळ्याच्या पद्धतीच्या इंटरकॉममध्ये एक गळाला तरी उरलेले टप्प्यात असतील तोवर बोलत राहतात. तो महाग असतो, पण तीन किंवा अधिक गाड्या असतील तर तोच घ्यावा. दोघांनाच जायचे असेल तर ब्लूटूथ पुरे. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात, घाटाच्या वळणात ते उरत नाहीत.

उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे छोटे यंत्र परदेशातल्या नातलगाकडून मागवण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो सोडून द्यावा. आपल्याकडे ते सरकारी परवानगीवाचून बाळगता येत नाही आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासह आलेले परदेशी प्रवासी अडवले गेले आहेत.

आम्ही त्या संध्याकाळी पुढच्या फेरीने दाभोळला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दापोलीत बॅटरी बदलली. तेव्हापासून टाकीवरच्या पिशवीत वाटेतल्या फाट्यांची नावे लिहिलेला एक कागद असतो आणि प्रत्येक फाट्यावर पुढचा मागच्यासाठी थांबतो. त्या फाट्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. कागदावर तो ‘काजूगरवाल्या आजींचा फाटा’ असाच लिहिलेला आहे. नमस्कार.