रस्ता भिंतीकडून आखायचा

मंडळी, नमस्कार.

मी उभं आयुष्य रस्त्यांचे नकाशे काढले. आज त्यातल्या एकाच सवयीबद्दल बोलायचं आहे. रस्त्याचा आडवा छेद काढायला बसलं की आमची पहिली रेघ मध्यभागी पडते. तिथून दोन्हीकडे गाड्यांच्या लेन मोजत जायचं आणि भिंतीपाशी जे उरेल त्याला फूटपाथ म्हणायचं.

विकास आराखड्यातला २४ मीटरचा रस्ता घ्या. मध्ये एक मीटरचा दुभाजक, दोन्हीकडे साडेतीन मीटरच्या तीन-तीन लेन. झाले २२ मीटर. प्रत्येक कडेला उरला एक मीटर. त्या एका मीटरात विजेचा डीपी, दिव्याचा खांब, झाड, चेंबरचं झाकण आणि माणूस. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ सालची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मोकळी म्हणजे खांब आणि झाड वगळून.

आता तोच रस्ता भिंतीकडून आखू. दोन मीटर चालायला, एक मीटर झाडं, खांब आणि डीपीला, दीड मीटर सायकलला. दोन्ही बाजू मिळून नऊ मीटर गेले. दुभाजक धरून उरले १५, म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन-दोन लेन नीट बसतात. लोक म्हणतात, तिसरी लेन गेली तर कोंडी होईल. माझं सांगणं आहे की उद्या सकाळी आपापल्या रस्त्यावर उभं राहून बघा. त्या तिसऱ्या लेनमधून किती गाड्या धावतात? तिथे गाड्या उभ्या असतात. पार्किंगसाठी आपण माणसाची वाट दिली आहे.

माझी आई ८२ वर्षांची. घरापासून दवाखाना ३०० मीटरवर, पण ती रिक्षाने जायची. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून. एकदा तिच्याबरोबर चालत गेलो तेव्हा कळलं. फूटपाथ होता, पण प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तुटलेला. गेट आलं की खाली उतरायचं, चार पावलं गेलं की पुन्हा वर चढायचं. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "अरे, हा जिना आहे, रस्ता नाही." दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. कडेची उंची भरली २७ सेंटीमीटर. घरातल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटीमीटरची असते, आणि फूटपाथच्या कडेलाही १५ च्या वर जायची परवानगी नाही.

ही उंची येते कुठून? रस्त्याचं डांबर खराब झालं की जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर टाकतात. दोन-तीन थरांत रस्ता वर येतो, पावसाचं पाणी दुकानांत शिरतं, तक्रारी येतात. मग पुढच्या टेंडरमध्ये फूटपाथ उचलतात. वर दुचाकी चढू नयेत म्हणून आणखी थोडा. दुरुस्ती साधी आहे. आधी खरवडा, मग थर टाका. आणि गेटपाशी फूटपाथ सलग एका पातळीवर ठेवा. उतार गाडीला द्या, गाडीला गुडघे नसतात. टेंडरमध्ये या दोन बाबी लिहायच्या असतात. मी स्वतः कितीतरी टेंडरं या बाबींशिवाय पुढे पाठवली. आईला ती ३०० मीटरची वाट चढता-उतरताना पाहिलं, तेव्हा त्याची लाज वाटली.

आता बसकडे येऊ. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखलेली सेवा, पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली. पुढे तिची बदनामी झाली आणि लोकांनी दोष बसच्या वेगळ्या लेनला दिला. मला तो निवाडा मान्य नाही. बसला लेन दिली, पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर माणसाने पोचायचं कसं, हा विचार कच्चा राहिला. बसचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पादचारीच असतो. मेट्रोचंही तेच. वनाज आणि पिंपरीकडून मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली. पण स्टेशनातून खाली उतरल्यावर पहिल्या २०० पावलांत फूटपाथ नसेल, तर माणूस पुन्हा आपल्या दुचाकीकडेच वळतो.

सायकलचं मी थोडक्यात सांगतो. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. चांगला आराखडा होता. पण ट्रॅक तुकड्यातुकड्यांत झाले, आणि चौकात, जिथे खरी भीती असते, तिथेच ट्रॅक संपतो. तुटका ट्रॅक कोणी वापरत नाही, आणि वापरत नाहीत म्हणून पुढचा बांधत नाहीत.

होत नाही असं मात्र नाही. जंगली महाराज रस्ता आठवा. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, आणि त्याच सुमारास त्या रस्त्याचा फूटपाथ रुंद झाला. झाडं जागेवर राहिली, बसायला बाक आले. आज तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले दिसतात आणि मुलं खेळताना दिसतात. हे आपल्याच गावात, आपल्याच इंजिनिअरांनी केलं.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वापरण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कायदा आपल्या बाजूचा आहे. पण निकालातून फूटपाथ उगवत नाही, तो अंदाजपत्रकातून येतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्या अर्जात "फूटपाथ दुरुस्ती" एवढंच लिहिलंत तर पेव्हर ब्लॉक बदलले जातील, बाकी काही नाही. कुठल्या गेटपासून कुठल्या गेटपर्यंत, कडेची उंची किती, मोकळी रुंदी किती, कुठला डीपी वाटेत येतो, हे लिहा. मोजमाप असलेला अर्ज बाजूला सारणं टेबलावरच्या माणसाला जड जातं. मी त्या टेबलावर बसलेलो आहे.

आणि सिग्नलवर सेकंदही मोजा. नेहमीच्या हिशोबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. माझी आई ०.८ ने चालते. २४ मीटर ओलांडायला तिला ३० सेकंद लागतात. तुमच्या चौकात पादचाऱ्याचा हिरवा दिवा किती वेळ असतो?

या सभागृहाच्या बाहेरचा रस्ता आपण रविवारी सकाळी सात वाजता मोजणार आहोत. टेप मी आणतो. येताना घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला सोबत घेऊन या.