अमृताचं ताट आणि नरोट्या

नमस्कार मंडळी.

माहितीच्या पुरात माणूस स्वतःला कसा हरवतो, हे कथेतून समजून घ्यायचं असेल तर मी दोनच कथा सुचवेन. दोन्ही अर्जेंटिनाच्या होर्हे लुईस बोर्हेस यांच्या: बाबेलच्या ग्रंथालयाची 1941ची, फुनेसची 1942ची.

पहिली वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. तिथल्या प्रत्येक पुस्तकाची पानं 410, पानावर ओळी 40, ओळीत अक्षरं सुमारे 80. गुणाकार करा: 13,12,000. चिन्हं फक्त 25: 22 अक्षरं, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि मोकळी जागा. यांची जेवढी म्हणून जुळणी होऊ शकते, तेवढी सगळी पुस्तकं तिथे आहेत. ती संख्या नुसती मांडायची तरी 18 लाखांवर आकडे लागतात. तिथल्या एका पुस्तकात ती मावणारही नाही.

पण खरा घोर लावतो तो पुढचा हिशेब. एका अचूक पुस्तकाच्या, एकच चिन्ह चुकलेल्या प्रती किती? प्रत्येक जागी चुकीचे पर्याय 24, म्हणजे एकूण 3,14,88,000. आता ज्ञानेश्वरी आठवा. नकला होता होता पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी 1584 मध्ये ती शुद्ध केली आणि बजावलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे करवंटी. बाबेलमध्ये अमृतही आहे आणि शक्य तेवढ्या सगळ्या नरोट्याही आहेत. नाहीत ते एकनाथ. आपल्या आयुष्याचा अर्थ सांगणारं पुस्तक कुठेतरी असणारच, म्हणून हजारो माणसं राहतं दालन सोडून धावत सुटतात, अरुंद वाटांवर एकमेकांचे गळे आवळतात. सापडलंच, तरी ते खरं की किंचित फिरवलेलं, हे ठरवणार कशावरून? पुलंच्या नावावर फोनवर फिरणारं, त्यांनी कधीच न लिहिलेलं लेखन याच जातीचं.

फुनेस हा उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसचा तरुण. घोड्यावरून पडून पांगळा होतो आणि तेव्हापासून काहीच विसरत नाही. एक दिवस आठवायला त्याला आख्खा दिवस लागतो. 3 वाजून 14 मिनिटांनी बाजूने दिसलेला कुत्रा आणि 3 वाजून 15 मिनिटांनी समोरून दिसलेला कुत्रा, दोघांना एकच नाव का, हे त्याला खटकतं. आरशातला स्वतःचा चेहराही दर वेळी नवाच वाटतो. माझ्या मते कथेचं मर्म त्या आरशापाशी आहे. रोजचे सगळे चेहरे जसेच्या तसे साठले, तर ‘हा मी’ म्हणायचं कुठल्या चेहऱ्याला?

गटात वाचताना इथेच चुकतं. त्याच्या स्मरणशक्तीचं कौतुक करण्यात तास निघून जातो आणि त्याला फारसा विचार करता येत नसावा, ही निवेदकाची शंका निसटते. म्हणून आधी बाबेल घ्या, आठवड्याने फुनेस. दुसऱ्या बैठकीत पुस्तक मिटून प्रत्येकाने आठवतील त्या पाच गोष्टी लिहाव्यात, कागद शेजारी शेजारी मांडावेत आणि कोण काय विसरलं, तिथून बोलायला सुरुवात करावी.