पाच बटणांची गिटार

‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमच्या गिटारला तारा नाहीत. तिच्या मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे आहेत आणि तारा छेडायच्या जागी वर-खाली हलणारी प्लास्टिकची पट्टी आहे. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात. नेमक्या क्षणी त्याच रंगाचे बटण दाबून पट्टी हलवली, तर गाण्यातील गिटार वाजत राहते आणि हात चुकला की ती गप्प होते. हे गप्प होणेच खेळणाऱ्याला पटवून देते की इतका वेळ आपणच वाजवत होतो.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये शिकलेल्या अ‍ॅलेक्स रिगोपुलॉस आणि एरन एगोझी यांनी १९९५ मध्ये ‘हार्मोनिक्स’ कंपनी काढली, ती वाद्य न शिकलेल्या माणसालाही वादनाचा आनंद मिळावा म्हणून. त्यांचे सुरुवातीचे खेळ समीक्षकांनी वाखाणले, पण ते फारसे खपले नाहीत. जपानच्या कोनामी कंपनीने गिटारचा खेळ आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, आधीच आणला होता. तसे वाद्य घरोघरी विकावे, असे नाचाच्या खेळांसाठी पायाखाली ठेवायचे पट बनवणाऱ्या ‘रेडऑक्टेन’ कंपनीला वाटले आणि तिच्या व हार्मोनिक्सच्या भागीदारीतून नोव्हेंबर २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ बाजारात आला.

पुढच्याच वर्षी जोडी फुटली. अ‍ॅक्टिव्हिजन या व्हिडिओ गेम कंपनीने रेडऑक्टेन विकत घेतली, तिच्याबरोबर खेळाचे नावही गेले. हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली आणि तिने २००७ मध्ये ड्रम व माइक जोडून ‘रॉक बँड’ आणला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या ‘गिटार हीरो’ची विक्री पुढे १ अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली.

घसरणीचे बीज याच यशात होते. एकदा घेतलेली गिटार वर्षानुवर्षे चालते, आणि दिवाणखान्यात दुसरा ड्रमसेट ठेवायला जागा कुठली? तरीही २००९ या मंदीच्या वर्षात अ‍ॅक्टिव्हिजनने एकामागून एक खेळ, तेही अनेक प्रकारच्या गेमयंत्रांसाठी, बाजारात ओतले. बीटल्सच्या गाण्यांवरचा देखणा ‘रॉक बँड’ही त्याच सप्टेंबरमध्ये आला, पण ग्राहक तोवर कंटाळले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केल्याचे जाहीर केले.

२०१५ मध्ये दोन्ही खेळ नव्याने आले. त्या वेळच्या ‘गिटार हीरो’ची बहुतेक गाणी इंटरनेटवरून येत असत. डिसेंबर २०१८ मध्ये ती सेवा थांबली, तेव्हा विकत घेतलेली गिटार धड होती, बटणेही चालत होती. वाजवायला मात्र डिस्कवरची ४२ गाणी तेवढी उरली.