विहिरीतला पांढरा खडा

[विहीर. यारीची बादली वर येते.]

यवतमाळ जिल्हा. मुरूम संपून काळा पाषाण लागलाय. सुरुंग उडाला, मलबा वर आला आणि काळ्या दगडात हे पांढरे खडे दिसले. विहीर खणणारी माणसं ते रोज फेकून देतात. आम्ही एक उचलला.

[तळहातावर खडा. लिंबाची फोड.]

लिंबू पिळलं. कान देऊन ऐका. ही बारीक फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. लाखो वर्षं तो या पाषाणात खडा होऊन बसला होता.

आइसलँडमध्ये हेच मुद्दाम केलं. २०१२ मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून अशाच काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला.

[पहाट. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी.]

मग या धुराड्यांतून निघणारा हा वायू आपणही असाच पाषाणात का मुरवत नाही? घोडं अडलंय कुठे? पैशापाशी. धुरातून हा वायू वेगळा काढणं महाग पडतं. कॅनडातल्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात २०१४ साली सुमारे ११५ मेगावॅटच्या संचावर ही यंत्रणा बसली. खर्च अवाढव्य आला. पण २०१८ मध्ये तिथेच जवळच्या शँड केंद्रासाठी हिशेब मांडला गेला: ३०० मेगावॅटच्या संचाला मोठी यंत्रणा जोडली, तर वायूच्या टनामागचा भांडवली खर्च ६७ टक्क्यांनी उतरेल. त्यात अनुभवाचा वाटा आहे, तसा आकाराचाही. आणि चंद्रपूरला तर ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत!

[शेत. दोन इंची आणि चार इंची पाइप शेजारी शेजारी.]

आकाराचं गणित शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. "दोन इंची टाका का चार इंची, चर त खोदाच लागते न भाऊ." रुंदी दुप्पट, पोट चौपट, चर एकच.

गडचांदूर, घुग्घुसचे सिमेंट कारखानेही चंद्रपूर जिल्ह्यातच. इंधन बदललं तरी भट्टीत चुनखडी भाजली की वायू निघणारच. वायू वाहून न्यायला प्रत्येकाने आपापली नळी टाकायची कशाला? सगळ्यांची मिळून एकच मोठी नळी पश्चिमेला, या पाषाणाकडे यावी. त्याआधी इथे चाचणीचं एक खोल बोअर घ्यावं, आणि ते आताच घ्यावं.

टनभर वायू असा मुरवायला वीस टनांहून जास्त पाणी लागतं. नळी कुणाच्या शेतातून जाणार, हेही ठरायचंय.

[यारी थांबलेली.]

खाली दुसरा सुरुंग भरलाय. सगळे बाजूला झालेत.