खांबाची सावली आणि कथलाची ताटली

25 ऑक्टोबर 1616. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, शार्क बेच्या तोंडाशी एक लांबलचक बेट आहे, तिथे एक डच जहाज येऊन थांबलं. जहाजाचं नाव एन्द्राख्त, म्हणजे एकी. कप्तान डर्क हार्टोग. आणि गंमत बघा, यांना इकडे यायचंच नव्हतं, चालले होते जावाला.

झालं असं की आफ्रिकेचं टोक ओलांडलं की दक्षिणेचा पश्चिमी वारा पकडायचा, सुसाट पूर्वेला जायचं आणि मग योग्य वेळी डावीकडे, उत्तरेला वळायचं. पण योग्य वेळ कळणार कशी? भर दुपारी सूर्य किती वर आलाय ते मोजलं की अक्षांश मिळायचा, रेखांशासाठी मात्र घरची वेळ दाखवणारं घड्याळ सोबत लागतं, आणि समुद्रात बरोबर चालेल असं घड्याळ तेव्हा जगात कुठेच नव्हतं! वळायला उशीर झाला की समोर थेट ऑस्ट्रेलिया.

हार्टोगच्या माणसांनी जेवायची कथलाची ताटली ठोकून सपाट केली, त्यावर तारीख, जहाज आणि नावं कोरली, एका खांबाला ठोकली आणि दोन दिवसांनी निघून गेले. मालगाना लोक या भागात त्याच्या हजारो वर्षं आधीपासून राहत होते, त्यामुळे याला 'शोध' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1697 मध्ये विलेम द व्लामिंग हा दुसरा डच कप्तान तिथे पोचला, त्याला ती ताटली सापडली, त्याने जुना मजकूर नव्या ताटलीवर उतरवून ती तिथे लावली आणि जुनी सोबत नेली. ती आज ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. ज्या डच कंपनीची ही जहाजं, तिचीच वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, अवशेष अजून उभे आहेत, जमलं तर जाऊन बघा.

मला मात्र तो खांब जास्त आवडतो. उघड्या माळावर सरळ खांब रोवला की तेच सूर्यघड्याळ, आपल्याकडे त्याला शंकू म्हणतात. फक्त तिथे सगळं उलटं, दुपारी सूर्य उत्तरेला, सावली दक्षिणेला, आणि दिवसभर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने सरकते. हार्टोग आला त्या दुपारी सावली खांबाच्या जेमतेम पाव उंचीची असणार. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, तसा तिथे येता येता राहतो, कारण बेट मकरवृत्ताच्या थोडंसंच खाली आहे. डिसेंबरात ती सावली पार पायथ्याशी येते, पण पुसली जात नाही.