झाकणाखाली काय दडलंय

[अगदी जवळून: झाकणावरची अक्षरं]

दुकानात प्रोसेसर दाखवा म्हटलं की काउंटरवर येतो तो हा चकचकीत चौकोन. वर कंपनीचं नाव, इंटेल, खाली मॉडेल : कोअर आय७-४७७०के, ३.५० गिगाहर्ट्झ. जून २०१३मध्ये बाजारात आलेली चिप. पण कॅमेरा आत्ता ज्याच्यावरून फिरतोय, तो प्रोसेसर नव्हेच. ते त्याचं झाकण आहे, तांब्याचं, वर निकेलचा मुलामा दिलेलं. हीट स्प्रेडर म्हणतात त्याला. सगळी आकडेमोड करणारा सिलिकॉनचा तुकडा, म्हणजे डाय, या झाकणाखाली असतो. कॉम्प्युटर दहा वर्षं वापरला तरी तो कुणाला दिसत नाही.

तो बघायचा तर झाकण उडवावं लागतं. या उद्योगाला नाव आहे डिलिडिंग.

[हात, टेबल, अवजार]

हे हात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका मित्राचे. चेहरा दाखवायचा नाही, एवढीच त्यांची अट. त्यांच्यासमोरचा ठोकळा ॲल्युमिनियमचा आहे. चिपचा हिरवा तळ त्याच्या खाचेत घट्ट बसतो आणि झाकण तेवढं वर राहतं. बाजूची सरकती पट्टी झाकणाच्या कडेला टेकते. मग ॲलन की लावायची आणि स्क्रू आवळत जायचा. पाव फेरा, थांबायचं. पुन्हा पाव फेरा. घाई केली की संपलं.

२०१२-१३मध्ये असली अवजारं मिळत नव्हती. लोक दाढीचं ब्लेड झाकणाच्या चारही कडांखालून फिरवायचे. त्यातल्या धीट मंडळींनी दुसरी पद्धत काढली : झाकणाच्या कडा व्हाइसच्या जबड्यात धरायच्या, हिरव्या तळाच्या कडेला लाकडाचा ठोकळा लावायचा आणि त्यावर हातोडी. हो, हातोडीच. हजारो रुपयांच्या प्रोसेसरवर. गंमत म्हणजे ही पद्धत चालली आणि पुढची अवजारं याच तत्त्वावर बनली. झाकण वर उचलायचं नाही, ते आडवं सरकवायचं. खालच्या डिंकाला वर ओढलेलं सोसतं, आडवा जोर सोसत नाही.

चिप कशी बसवायची तेही महत्त्वाचं. झाकणाखाली डायच्या एका बाजूला साखरेच्या दाण्याहून बारीक भागांची रांग असते. आम्ही विचारलं, चुकून उलटं ढकललं तर? मान वर न करता उत्तर आलं, "अहो, मग कार्यक्रम आटोपला."

हा आवाज ऐका.

[टक. झाकण सरकतं. तीन सेकंद निवेदन नाही.]

आता आत बघा. चौकोनाच्या कडेने फिरलेली ही काळी रेघ म्हणजे सिलिकोन रबराचा डिंक. एका ठिकाणी रेघ तुटलेली दिसते. ती चूक नव्हे, आतली हवा तापून फुगली तर तिला वाट हवी म्हणून ती फट मुद्दाम सोडतात. मधला करडा, सुकून भेगाळलेला थर म्हणजे थर्मल पेस्ट, डायची उष्णता झाकणापर्यंत पोचवणारा लेप. कारखान्यात भरली, तेव्हापासून तशीच. या थरासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

[दोन चिपा शेजारी : आय७-२६००के आणि आय७-४७७०के]

डावीकडची २०११ची, सँडी ब्रिज पिढीतली. दोघींची झाकणं वरून सारखीच दिसतात. पण डावीकडचीचं झाकण डायला डाख देऊन जोडलेलं आहे. हा डाख इंडियम धातूचा. तांब्याची उष्णतावाहकता धरली ४००, तर इंडियमची भरते ८०च्या आसपास. चांगल्यातल्या चांगल्या पेस्टला दहाचा आकडा गाठताना दम लागतो. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२मध्ये आयव्ही ब्रिज आली. ट्रान्झिस्टर ३२ नॅनोमीटरवरून २२वर आले, डाय २१६ चौरस मिलिमीटरवरून १६०वर आली, वीज कमी लागू लागली. म्हणजे चिप थंड राहायला हवी होती. हौशी लोकांनी ती ओव्हरक्लॉक केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवली, तर उलटाच प्रकार : आधीच्या पिढीपेक्षा जास्त तापते! कारण शोधायला झाकणं उघडली गेली आणि आत डाखाच्या जागी पेस्ट निघाली. जपानमधल्या 'पीसी वॉच'ने त्याच मे महिन्यात पेस्ट बदलून तापमान मोजलं आणि फरक छापून टाकला. तिथून डिलिडिंग जगभर पसरलं.

पुढे अजून एक गोष्ट कळली, आणि आम्हाला तीच जास्त मोलाची वाटते. पेस्ट काही तितकी वाईट नव्हती. दोष होता फटीचा. काळ्या डिंकाचा थर जाड, त्याने झाकण वर उचलून धरलेलं, आणि मधली पोकळी पेस्टने बुजवलेली. नुसता डिंक खरवडून झाकण खाली बसवलं तरी तापमान उतरायचं.

कंपनीची बाजू म्हणाल, तर सिलिकॉन आणि तांबं तापल्यावर सारखं प्रसरण पावत नाही, डाय जितकी लहान तितकी डाखाला तडे जाण्याची भीती जास्त, असा युक्तिवाद होतो. असेल. पण २०१७मध्ये १९९९ डॉलरला विकलेल्या अठरा कोअरच्या आय९-७९८०एक्सईतही पेस्टच होती, आणि तिची डाय काही लहान नव्हती.

[जुनं चित्रीकरण : ॲथलॉन, चार कोपऱ्यांवर स्पंज]

मुळात झाकण आलं कशाला? हा २००० सालच्या आसपासचा ॲथलॉन प्रोसेसर, एएमडी या दुसऱ्या कंपनीचा. मधोमध उघडी डाय. चार कोपऱ्यांवर चिकटवलेले हे गोल स्पंज, वरून चिप थंड करणारा कूलर तिरका बसू नये म्हणून. तरी तो तिरका बसायचाच. क्लिप लावताना स्क्रूड्रायव्हरवर जरा जास्त जोर आला की डायचा कोपरा टवका उडून गेलाच. त्या काळात मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना ही धाकधूक चांगली आठवत असेल. झाकणाने तो प्रश्न सोडवला. ते राखण करतं, आणि दाब सगळीकडे सारखा बसतो. लॅपटॉपमध्ये मात्र कारखान्यातच कूलर बसवून मिळतो, म्हणून तिथे आजही डाय उघडीच. ग्राफिक्स कार्डांतही तसंच.

[टेबल. प्लॅस्टिकची पट्टी डिंक खरवडते आहे]

आता सगळ्यात वेळखाऊ काम. डिंक काढायला ब्लेड वापरायचं नाही, जुनं एटीएम कार्ड पुरतं. हिरव्या तळावरच्या तांब्याच्या रेषा इतक्या वर असतात की ब्लेडचा एक ओरखडा पुरे. डिंकाचे रबरासारखे तुकडे निघताहेत. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तेवढाच डिंक आहे, तोही पूर्ण निघाला पाहिजे. इथे अर्धा मिलिमीटर राहिला तर फट पुन्हा तयार. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि न चुकता लिंट नसलेलं कापड.

[डाय, आरशासारखी]

ही खरी चिप. १७७ चौरस मिलिमीटर. तिच्यात मित्राच्या बोटाचं प्रतिबिंब पडलंय. कागदावर हिची उष्णता ८४ वॉट. ऐकायला किरकोळ वाटते, पण भागून बघा : दर चौरस सेंटीमीटरला ४७ वॉटच्या आसपास. हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाला हाच हिशेब लावला तर पाच-सहा वॉट भरतात. त्यात हिच्या पिढीने, म्हणजे हॅसवेलने, व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणाही मदरबोर्डवरून उचलून चिपमध्ये आणली, तिचीही उष्णता इथेच. एवढी उष्णता आधी त्या सुकलेल्या पेस्टमधून जायची, मग झाकणातून, मग वरच्या दुसऱ्या पेस्टमधून, तेव्हा कुठे कूलरपर्यंत पोचायची. वर कितीही महागडा कूलर आणा, खालची वाट अरुंद ती अरुंदच.

[नेलपॉलिशची बाटली]

ही बाटली घरातूनच आणलेली. डायच्या शेजारच्या बारीक भागांवर रंगहीन नेलपॉलिशचा एक हात, वाळला की दुसरा. कारण यानंतर येणारी वस्तू वीजवाहक आहे. तिचा एक कण या भागांवर सांडला तर शॉर्ट.

[सिरिंजमधून थेंब]

लिक्विड मेटल. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण. एकटं गॅलियम तिसेक अंशांना वितळतं, हे मिश्रण खोलीच्या तापमानालाच पातळ असतं. थेंब बघा, पाऱ्यासारखा गोल होऊन बसला. तो पसरायला तयार नाही. कापसाच्या काडीने घासत राहावं लागतं, आणि मग एका क्षणी त्याची पकड बसते. हा तो क्षण. आता काडी जिथे नेऊ तिथे तो येतोय. थर इतका पातळ हवा की काडी उचलल्यावर गोळा दिसता कामा नये. उरलेलं सिरिंजमध्ये परत ओढून घ्यायचं. तेवढाच हात झाकणाच्या आतल्या बाजूला.

ॲल्युमिनियमला हे मिश्रण अक्षरशः खाऊन टाकतं. त्यामुळे झाकण उघडल्यावर तो ॲल्युमिनियमचा ठोकळा टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत गेला. झाकणाला निकेलचा मुलामा आहे, त्याला धोका नाही. आणि हे प्रयोगशाळेतलं खूळ आहे असंही समजू नका, सोनीने २०२०च्या प्लेस्टेशन ५मध्ये कारखान्यातच लिक्विड मेटल भरलं.

[झाकण परत बसतं]

नवा डिंक, चार कोपऱ्यांवर टिपक्याएवढा. अखंड रेघ ओढायची नाही, फटीचा धडा इथे कामी येतो. झाकण डायवर टेकवून चिप थेट सॉकेटमध्ये, आणि वरची पट्टी लिव्हरने दाबली की तिचाच दाब झाकणाला धरून ठेवतो. रात्रभर तसंच. झाकणाच्या वर, कूलरखाली, नेहमीची पेस्ट.

[पडद्यावर दोन आलेख]

लाल रेघ कालची, निळी आजची. दोन्ही वेळा तोच कूलर, तीच खोली, तोच वेग, चिपला पूर्ण ताण देणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रॅमचा तोच मारा. लाल रेघ शंभर अंशांना जाऊन टेकते आणि चिप स्वतःच वेग कमी करते, तो दात पडल्यासारखा भाग त्याचाच. निळीकडे आम्ही काही बोलत नाही, ती दिसतेच आहे. या पिढीच्या चिपांवर पंधरा-वीस अंशांची उतरण अनेकांनी नोंदवली आहे.

कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसला असते. तिथे हे पंधरा अंश म्हणजे मशीन दुपारी चालणं आणि न चालणं यातला फरक.

जोखीम आहे. वॉरंटी पहिल्याच फेऱ्याला जाते (या चिपची तीन वर्षं केव्हाच संपली), ब्लेडने, व्हाइसने आणि सांडलेल्या धातूने चिपा मेल्या आहेत, आणि नंतरच्या स्कायलेक पिढीपासूनचा हिरवा तळ आणखी पातळ असल्याने तो वाकतो.

ही चिप ज्या मशीनमधली, ते आता मालकाकडे परत जाईल. विंडोज ११ या चिपला अधिकृतपणे दारात उभं करत नाही, म्हणून त्यावर लिनक्स टाकलंय. व्हिडिओ एडिटिंगचं काम त्यावर व्यवस्थित चालतं.

ऑक्टोबर २०१८मध्ये इंटेलने आय९-९९००के आणली. झाकणाखाली पुन्हा डाख. सादरीकरणात तो नवं वैशिष्ट्य म्हणून मिरवला गेला. सात वर्षांपूर्वीच्या २६००केमध्ये तो होताच, तेव्हा कुणी त्याची जाहिरात केली नव्हती.

[ठोकळ्यात दुसरी चिप]

टेबलावर आता आय७-३७७०के आली आहे, म्हणजे जिच्यापासून हे सगळं सुरू झालं ती पिढी. अवजार तेच, पाव-पाव फेरे तेच. हिच्या झाकणाखाली मात्र ती बारीक भागांची रांग नसते, त्यामुळे नेलपॉलिशचा एक टप्पा वाचला.