पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही? नियम बदलण्याआधी हे दोन आकडे जुळवून बघा

नमस्कार मंडळी. मी आत्ता देवगडला, आमच्या घराच्या पडवीत बसलोय. मागे दिसतायत ती आमची हापूसची कलमं. बागेत चार कॅमेरे आणि माजघरात डीव्हीआर, म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र. एप्रिल-मे मध्ये आंबा तयार झाला की रात्रीची राखण आली. मी असतो मुंबईत, बाबा एकटे किती रात्री जागणार? म्हणून कॅमेरे मुंबईहून दिसावेत यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करायला घेतलं आणि ते काही केल्या चालेना. आठवडाभर मी राऊटरमधला तोच नियम पुसत होतो, परत लिहीत होतो. नियमात चूक नव्हतीच, म्हणून आज नियमाबद्दल शेवटी बोलू.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. समजा एका वाडीत पंधरा घरं आहेत आणि सगळ्यांचं आडनाव एकच. पाकिटावर नुसतं आडनाव असेल तर पोस्टमन ते कुठल्या घरी देणार? तुमच्या घराचंही तसंच आहे. बाहेरच्या जगाला तुमचा एकच आयपी पत्ता दिसतो, आत मात्र फोन, टीव्ही, डीव्हीआर सगळे. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम राऊटरला सांगतो की या नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, जे येईल ते डीव्हीआरकडे दे.

पण पत्र त्या राऊटरपर्यंत पोचलंच नाही तर?

आता दोन आकडे काढा. घरच्या वायफायवर राहा, व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणामार्गे नेट नेणारा खाजगी बोगदा) चालू असेल तर बंद करा. पहिला आकडा राऊटरच्या स्टेटस पानावर मिळेल, वॅन आयपी म्हणून, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता. दुसऱ्यासाठी ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' असं शोधा. दोन्ही सारखे असतील तर वाट मोकळी आहे, मग नियम तपासा. वेगळे असतील तर नियमाला हात लावू नका, अडथळा राऊटरच्या बाहेर आहे.

[स्क्रीनवर: राऊटरचं स्टेटस पान, वॅन आयपी १९२.१६८.१.५]

हे आमच्या घरचं. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता इंटरनेटवर चालत नाही, तो घरातल्या घरात वापरायचा. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्तेही तसेच खाजगी. मग तो माझ्या राऊटरला दिला कोणी? फायबरवाल्याने बसवलेल्या मोडेमने. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती जाडजूड, माजघरातलं वायफाय पडवीपर्यंत येत नाही, म्हणून मी दुसरा राऊटर आणून जोडला. तो मोडेमही आतून राऊटरच असतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पत्र पहिल्या डब्यापाशी अडत होतं आणि मी नियम दुसऱ्यात लिहीत होतो. एका पत्त्यामागे अनेक उपकरणं बसवण्याला नॅट म्हणतात, आणि ते असं दोनदा झालं की डबल नॅट.

मी दुसऱ्या राऊटरला नुसता ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा डबा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ ठेवला, म्हणजे मोडेमच्या १९२.१६८.१.१ शी टक्कर नको. मग त्याचं डीएचसीपी (आतल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, केबल वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या, खाचेत लावली आणि नियम मोडेममध्ये लिहिला. दुसरा रस्ता म्हणजे मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे त्याचं राऊटरचं काम बंद करायचं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी कंपनीकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड मागून घ्यावं लागतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

गुहागरला मावशीकडे मात्र वेगळीच गोष्ट निघाली. तिथे एकच डबा, आणि त्याचा वॅन आयपी १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही४ चे, म्हणजे अशा चार आकड्यांच्या पद्धतीचे, पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून कंपन्या एकाच पब्लिक, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या, पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. हे सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट. कधीकधी तिथे १० ने सुरू होणारा पत्ताही दिसतो, म्हणून घरात दोन डबे असतील तर मोडेमचं पानही उघडून बघाच. इथे घरात बसून कितीही नियम लिहा, पत्र कंपनीच्या दारातच थांबतं. फोन करून 'नेट चालत नाही' असं सांगू नका, कारण नेट चालतंच. थेट विचारा, 'मला पब्लिक आयपी मिळेल का?' स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणारा, असेल तर बहुधा जादा पैसे पडतात. बदलता पब्लिक आयपी मिळाला तरी डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावून काम होतं.

आकडे जुळले आणि तरी चालत नाही? मग आपल्याकडचं पहिलं कारण, लाईट. पावसात दिवसातून चारदा जाते. परत आल्यावर डीव्हीआरला आतला नवाच पत्ता मिळू शकतो, आणि नियम जुन्या पत्त्यावर पाठवत राहतो. डीएचसीपी रिझर्व्हेशन करून डीव्हीआरचा पत्ता कायमचा पक्का करा. मग त्याच पत्त्यावर घरातूनच तो उघडतो का बघा. घरातच उघडत नसेल तर बाहेरून कसा उघडेल? बाहेरची चाचणी मोबाईल डेटावरच घ्या, कारण घरच्या वायफायवरून आपलाच पब्लिक पत्ता उघडणं अनेक राऊटरना जमत नाही. आणि बाहेर ८० नंबरचा पोर्ट ठेवू नका, ८०८५ सारखा वेगळा घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. उघडा पोर्ट जगातल्या कोणालाही सापडतो. म्हणून पोर्ट चालू झाल्यावरही मी डीव्हीआरचा नियम काढून टाकला. आता फक्त वायरगार्ड या व्हीपीएनचा यूडीपी पोर्ट ५१८२० उघडा आहे, आणि त्या व्हीपीएनमधून मी कॅमेरे बघतो. मावशीकडे टेलस्केल नावाचं व्हीपीएन लावलं. त्याची जोडणी घरातूनच बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट असूनही चालतं आणि एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

तुमचे दोन आकडे खाली कमेंटमध्ये लिहा, मी बघून सांगतो. फक्त पत्त्याचे शेवटचे दोन भाग झाका, पहिले दोन मला पुरतात.